नव्या मंडळीस बर्णबा पाहिजे

वाचावयाचा भाग: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11, वचने 19 ते 26

अंत्युखिया येथील मंडळी कोणी उभी केली हे पवित्र शास्त्रात शोधू लागलो, तर त्या मनुष्यांची नावे आपणांस सापडत नाहीत. स्तेफनाच्या वेळी झालेल्या छळामुळे जे विश्वासणारे पांगले, त्यांपैकी कुप्र व कुरेने येथील काही जण तेथे गेले, त्यांनी प्रभूची सुवार्ता सांगितली, आणि पुष्कळ लोक वळले. लूक एवढेच लिहितो. पुढची हकीकत मात्र तो नावानिशी देतो. यरुशलेमेच्या मंडळीने बर्णबास तिकडे पाठविले. तेथील काम पाहून त्यास हर्ष झाला. नंतर तो तार्सास गेला, शौलास शोधून घेऊन आला, आणि त्या दोघांनी वर्षभर तेथे राहून लोकांस शिक्षण दिले.

ह्यातला क्रम आम्ही नीट पाहावा. काम आधीच सुरू झाले होते. बर्णबा अनुभवी, यरुशलेमेत मान असलेला. तरी त्याने ते काम मोडून पुन्हा मांडले नाही, किंवा आपल्या नावावर चढविले नाही. नव्या लोकांच्या उणिवा मोजीत बसण्याआधी त्याने आनंद केला. आणि हे ओझे आपल्या एकट्याच्या खांद्याचे नव्हे हे ओळखून तो दुसऱ्यास बोलावण्यास स्वतः गेला.

आमच्या खानदेशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धुळे, नंदुरबार, नवापूर, अमळनेर ह्या बाजूस स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, आणि जळगाव, भुसावळ, चाळीसगाव ह्या बाजूस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्यांचे काम चाले. त्या काळी उपदेशकास पेच पडला तर तो चालत ठाण्यावर जाई आणि साहेबास विचारी. ते दिवस गेले, आणि त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. पुष्कळदा साहेबासही उत्तर ठाऊक नसे. परंतु विचारण्याची ती सवय मात्र गेली, हे चांगले झाले नाही. आज एखादा तरुण आपल्या पाड्यावर चार घरे जमवितो, अंगणात प्रार्थना सुरू करितो, आणि पुढे सर्व गोष्टी एकट्याने ठरवू लागतो.

अशा मंडळीस पहिली अडचण बहुधा उपदेशाची येत नाही. दिवाळी सरते, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि घरांना कुलपे लागतात. कित्येक कुटुंबे होळीपर्यंत, कित्येक थेट अखाजीपर्यंत परत येत नाहीत. तरुण उपदेशकास वाटते की मंडळी मोडली, आपली हाक खोटी होती. ज्याने अशा दहा दिवाळ्या पाहिल्या आहेत तो त्यास सांगेल, बाबा, मंडळी मोडली नाही, ती कारखान्याच्या वाटेवर आहे. टोळी निघण्यापूर्वीच तीतल्या एका वाचता येणाऱ्या मनुष्यास शुभवर्तमानाचे पुस्तक दे, रविवारी कोपीवर चार जणांस जमविण्याचे काम सोपव, आणि मध्ये एकदा स्वतः जाऊन ये. हे ज्ञान शाळेत मिळत नाही.

तसेच लग्नाचे. मुलीचे सासर ख्रिस्ती नाही, भाऊबंद रागावले आहेत. कोणती रीत चालेल, कोणती नाही? तसेच अर्पणाचे. बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढतात, त्याचा डबा कोणाच्या घरी राहील, मोजील कोण, वहीत लिहील कोण? हिशेब पहिल्या महिन्यापासून दोघांच्या हातात नसला, तर तिसऱ्या वर्षी त्या डब्यावरून भांडण होते, आणि निरपराध मनुष्याचेही तोंड काळे होते. पुन्हा भाषेचे. छापील मराठी वाचून दाखविली, पण म्हातारीस अहिराणी, पावरी किंवा मावची कळते. मग अर्थ कोणी सांगावा?

पुढारी निवडताना तर नवखा मनुष्य हमखास फसतो. रावेर-यावलच्या केळी पिकविणाऱ्यास विचारा. झाडाच्या बुडाशी दोन जातींची पिले फुटतात. रुंद पानांचे पिल लवकर डौलदार दिसते, पण त्याचा कंद दुबळा असतो. अरुंद, तलवारीसारख्या पानांचे पिल डोळ्यांत भरत नाही, पण त्याचा कंद सशक्त असतो. लागणीस जाणता माळी हे दुसरे घेतो. मंडळीतही जो पहिल्याच रविवारी उभा राहून मोठ्याने प्रार्थना करितो, त्यास आम्ही लगेच वडील करू पाहतो. जाणता मनुष्य मात्र त्याची घरची वागणूक, उसनवारी आणि शेजाऱ्याशी बोलणे वर्षभर पाहतो.

कोरिया देशातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तेथे प्रॉटेस्टंट मिशनरी 1884 पासून राहू लागले. बहुतेक सर्व तरुण, अनुभव थोडा. त्यांनी 1890 साली चीन देशातून जॉन नेव्हिअस ह्यांस सोल शहरी बोलाविले. नेव्हिअस 1854 पासून चीन देशात होते, आणि शांतुंग प्रांतातील खेड्यांतून त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले होते. बाहेरच्या पैशाने पगारी मदतनीस ठेविल्याने मंडळ्या कशा परावलंबी होतात, हे त्यांनी तेथे पाहिले होते. ते सोल येथे सुमारे दोनच आठवडे राहिले. नव्या विश्वासणाऱ्याने आपला धंदा न सोडता शेजाऱ्यांत साक्ष द्यावी, पुढाऱ्याचा खर्च व प्रार्थनामंदिर तेथल्या लोकांनीच आपल्या ऐपतीप्रमाणे करावे, आणि सर्वांस शास्त्राचे शिक्षण नियमित मिळावे, अशी त्यांची शिकवण होती. तरुणांनी ती उचलली. नेव्हिअस 1893 साली वारले. परंतु कोरियातील मंडळ्यांच्या वाढीचा इतिहास लिहिणारे त्या दोन आठवड्यांची आठवण केल्यावाचून राहत नाहीत. आम्हांस विशेष वाटते ते हे की, त्या तरुणांनी आपण होऊन बोलाविले.

मग कोणास बोलवावे? मोठ्या पदाचाच मनुष्य पाहिजे असे नाही. अपुल्लोस वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता. त्यास प्रभूचा मार्ग अधिक नीट दाखविला तो तंबू शिवणाऱ्या अक्विलाने व त्याची पत्नी प्रिस्किल्ला हिने. सभेत त्यास खाली पाहावयास न लावता त्यांनी त्यास आपल्याजवळ घेऊन समजाविले. तुमच्या तालुक्यात एखादी म्हातारी बायबलबाई असेल, जिने तीस वर्षे पाड्यांतून पायपीट केली. तिच्याकडे जाण्यास पदवीधर उपदेशकास लाज का वाटावी?

मात्र साहाय्य घ्यावे म्हणजे दास व्हावे असे नव्हे. 1910 साली एडिंबरो येथील मोठ्या परिषदेत आमच्या देशाचे वेदनायगम अझरिया ह्यांनी परदेशी बंधूंजवळ देणग्यांहून अधिक म्हणून मैत्री मागितली; तीच मागणी नव्या मंडळीने आपल्या वडीलधाऱ्यांजवळ करावी. अनुभवी मनुष्यही चुकतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, अंत्युखियातच बर्णबाही इतरांच्या ढोंगात ओढला गेला. म्हणून त्याचा सल्ला शास्त्राशी ताडून पाहावा. वडीलधाऱ्यांनीही इथ्रोकडे पाहावे. त्याने मोशेचे एक दिवसाचे काम पाहिले, लोकांतून माणसे नेमण्याचा उपाय सांगितला, आणि तो आपल्या देशी परत गेला. मोशेच्या आसनावर तो बसला नाही.

आता पावसाळ्याचे काम आटोपले की दिवाळीपूर्वी थोडी सवड मिळते. ज्या बंधूने नवे काम सुरू केले आहे त्याने त्या सवडीत अशा एका मनुष्याकडे जावे, अर्पणाची वही व ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची यादी बरोबर न्यावी, आणि त्यास पाड्यावर दोन रात्री राहण्याचे आमंत्रण द्यावे. त्याची उतरण्याची सोय मंडळीतल्या सर्वांत गरीब घरी करावी. रविवारी उपदेश नेहमीच्या उपदेशकानेच करावा, आणि पाहुण्याने मागे, मुलांच्या रांगेत बसून ऐकावा.