अपाय तर नाही!

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की नांदेड-लातूरकडे घरोघरी ढास ऐकू येते. मळणी यंत्राचा धुरळा घशात बसतो, त्यात पहाटेचा गारठा. मग बांधावरचा अडुळसा आठवतो. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर तो कुंपणाला टिकतो. पानं नुसती कुटून रस धड निघत नाही. ती तव्यावर मऊ पडू द्यायची, मग फडक्यातून पिळली की हिरवा-काळपट, कडूजहर रस वाटीत उतरतो. मधात कालवून चमचाभर.

तो देताना एक वाक्य हमखास येतं : ‘घे, झाडपाला आहे. गुण नाही आला तरी अपाय तर नाही!’ मला हा अडुळशाचा अपमान वाटतो. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिनवरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं. डॉक्टर कफ पातळ करायला देतात ते अँब्रोक्सॉल त्याच घराण्यातलं. म्हणजे पानात दम आहे, आणि दम आहे म्हणूनच जपून राहायचं. व्हॅसिसिन गर्भाशयाला आकुंचन आणू शकतं. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही नको.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. अशा बातमीनंतर आईबाप ‘आयुर्वेदिकच द्या’ म्हणाले तर त्यांना काय बोलणार? पण मुलं गेली ती डायएथिलीन ग्लायकोलने. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, तेही ग्लिसरीनमधल्या याच विषाने. बाटलीवर पानाचं चित्र छापलं म्हणून आतला पाक शुद्ध ठरत नाही. तपासणी त्याचीही व्हायलाच हवी.

घरच्या रसाची गोष्ट वेगळी. त्याने जरा आराम पडतो, आणि तिथेच घोळ होतो : खोकला आला कशाने, हे विचारायचं राहून जातं. दोन आठवडे उलटले तर क्षयासाठी थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तरी ‘अजून चार दिवस काढा घेऊन बघू’ चालूच. राशीवरच्या मजुराचं दुखणं तर थुंकीत सापडेलच असं नाही. त्याला रात्री रस पाठवणारे मालक आहेत, माणुसकीच ती. वाऱ्याचा रोख बघून यंत्र लावलं तर भुसकट माणसांच्या तोंडावर येणार नाही. पण यंत्राची जागा ठरते ती ट्रॅक्टर कुठवर येतो त्यावर.