द्रव्यशुद्धी आणि डांबरी रस्ता

मनुष्याने निर्माण केलेला जो पदार्थ माती पुन्हा आपल्या उदरात घ्यावयास तयार नाही, त्या पदार्थाविषयी त्याच्या निर्मात्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न आज नगरपालिकांच्या दप्तरांत निविदा, दरपत्रके आणि अंदाजपत्रके अशा रुक्ष रूपाने वावरत असला, तरी मुळात तो धर्मशास्त्राचाच प्रश्न आहे. टाकाऊ प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात वापरावे असा ठराव जेव्हा एखादी महापालिका मंजूर करते, तेव्हा एका दूषित द्रव्याला पुन्हा व्यवहारात घेण्याचा निर्णय ती करीत असते. आणि असा निर्णय कोणत्या अटींवर करावा, याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे.

स्मृतिग्रंथांत द्रव्यशुद्धीचे प्रकरणच आहे. तांबे आंबट द्रव्याने, कासे राखेने, मातीचे भांडे पुन्हा भट्टीत भाजून शुद्ध करावे, असा प्रत्येक द्रव्याच्या प्रकृतीनुसार त्यात भेद केला आहे. आणि त्याबरोबरच, मद्याने किंवा मलमूत्राने विटाळलेले मातीचे भांडे दुसऱ्या भाजणीनेही शुद्ध होत नाही, असा मनुस्मृतीने स्पष्ट अपवादही सांगून ठेवला आहे. जड द्रव्यांविषयी एवढा विवेक दाखविणाऱ्या याच परंपरेने जिवंत माणसांवर जन्माचा विटाळ लादला, आणि १९२७ साली महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच अन्यायाच्या निषेधार्थ, हे मी विसरलेलो नाही. प्रस्तुत विषयातही तो अन्याय कोठे दडून बसला आहे, ते पुढे पाहावेच लागेल.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी या शतकाच्या आरंभी जी पद्धती सिद्ध केली, आणि ज्या कार्याबद्दल २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली, ती पाहिली म्हणजे दुसऱ्या भाजणीची ती जुनी कल्पना सहजच मनात येते. खडी सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवितात आणि त्या तप्त खडीवर प्लॅस्टिकचे बारीक कातरलेले तुकडे टाकतात. ते तुकडे जळत नाहीत. वितळून, तांब्याच्या भांड्याला कल्हई चढावी तसे प्रत्येक दगडाला चिकटतात, त्याची सूक्ष्म छिद्रे बुजवितात, आणि मग त्यावर डांबर ओतले की ते अधिक घट्ट धरते. आपल्या रस्त्यांना पावसाळ्यात खड्डे पडतात ते मुख्यतः पाणी दगड आणि डांबर यांच्यामध्ये शिरून दोघांची फारकत करते म्हणून. ती वाट या थराने अडते. एकेरी रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये अशा रीतीने सुमारे एक टन प्लॅस्टिक खपते आणि तेवढ्याच डांबराची बचत होते. परंतु येथेही एक अपवाद आहेच. पीव्हीसी नावाचे जे प्लॅस्टिक, ज्याच्या नळ्या होतात आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ज्यापासून बनतात, ते तापविले असता त्यातून आम्लयुक्त विषारी वायू निघतो; म्हणून ते या भट्टीला सर्वथा वर्ज्य आहे.

येथवर द्रव्याचा विचार झाला. द्रव्य शुद्ध झाले म्हणजे त्याच्या कर्त्याचा दोषही गेला काय, हा खरा कठीण प्रश्न. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताची जी विस्तृत चर्चा केली आहे, तिच्यातील एक मुद्दा मला येथे निर्णायक वाटतो. प्रायश्चित्ताने अजाणता घडलेले पाप नष्ट होते. जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता मात्र प्रायश्चित्तानंतर लोकांत वावरण्यास पात्र तेवढा होतो, असे याज्ञवल्क्याचे वचन आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांनी मुंबईच्या आपत्तीत भर घातली, तोपर्यंत अज्ञानाची सबब कदाचित चालून गेली असती. २०१८ साली राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदीचा हुकूम काढल्यानंतर ती कोणालाही उरलेली नाही. जे प्लॅस्टिक आपल्या नाल्यांत आणि कचराडेपोंत आधीच साचलेले आहे, ते रस्त्यात घालणे हे खरे प्रायश्चित्त होय, आणि त्यासाठी वासुदेवन यांचे ऋण मानलेच पाहिजे. उद्या कारखान्यातून निघावयाच्या पिशवीला मात्र या रस्त्याचा दाखला मिळता कामा नये.

ही भीती काल्पनिक नाही. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांभोवती पन्नास किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिक वापरावे, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्येच ठरविले. धोरण योग्य आहे. परंतु एकदा एखाद्या खात्याच्या वार्षिक कामात प्लॅस्टिकची आवक गृहीत धरली गेली, की ती आवक घटणे हे यश न ठरता अडचण ठरू लागते, आणि प्रायश्चित्तासाठी पापाची तरतूद करून ठेवावी अशी विपरीत स्थिती कारभारात शिरते. शिवाय रस्ता काही चिरंजीव नसतो. तो चाकांखाली झिजतो, उखडला जातो, आणि त्याची धूळ पुन्हा गटारातून नदीकडेच जाते. म्हणून रस्त्यात पुरलेले ते नाहीसे झाले, असे समजणे हा निव्वळ भ्रम आहे.

आता त्या अन्यायाविषयी. खडीवर पडणारा तुकडा कोणाच्या तरी हाताने वेचलेला असतो. भंगारवाला दुधाच्या पिशवीला भाव देतो, पातळ पिशवीला आणि वेफर्सच्या पुडीला देत नाही. म्हणून जे रस्त्यासाठी हवे तेच वेचण्यात कष्टाचा मोबदला नाही. आणि पीव्हीसी वेगळे कोण काढते? बोटांना लागणाऱ्या स्पर्शावरून, चुरगाळताना होणाऱ्या आवाजावरून एक जात दुसरीपासून ओळखणारी कचरावेचक बाई. आणि हे काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आजही दलित समाजातल्याच आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला, तेव्हा हे कौशल्य निदान एका शहरात मान्य झाले. तथापि द्रव्याला शुद्ध करणारी व्यक्ती स्वतः विटाळाच्या छायेत राहावी, ही व्यवस्था अन्यत्र अद्याप बदललेली नाही, आणि ती बदलल्यावाचून प्लॅस्टिकच्या रस्त्याला प्रायश्चित्त म्हणण्याचा अधिकार आपणास नाही. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडीचा दर असतो, डांबराचा असतो, रोलरच्या भाड्याचाही असतो. त्याच पानावर वर्गीकरणाच्या मजुरीचा आणि हातमोज्यांचा दर लिहिला जावा, आणि ती रक्कम ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता महापालिकेच्या तिजोरीतून थेट वेचणाऱ्यांच्या संस्थेला द्यावी.