ओढ्याची वाटणी

आमच्या कॉलनीच्या मागून एक ओढा जातो. कागदोपत्री तो नाला आहे. उन्हाळ्यात त्यात घराघरांतलं सांडपाणीच तेवढं असतं. मिरगानंतर चांगले दोन-तीन पाऊस झाले की आठवडाभर तो खरा ओढा होतो आणि पुढं कुंडलिकेला जाऊन मिळतो. जुना जालना आणि नवा जालना यांच्या मधून जाते ती कुंडलिका. ती दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवून मी हे पोरांकडून कितीदा पाठ करून घेतलं असेल. पण आमच्या ओढ्यात पडलेली वेफर्सची पुडी मधल्या धरणांत अडकली नाही, तर थेट आंध्रात समुद्राला जाऊन लागेल, हे मात्र मला पेन्शनीत निघाल्यावर सुचलं.

डॉक्टरांनी साखरेपायी चालायला सांगितलं म्हणून मी ओढ्याकाठी जायला लागलो. रस्त्यावर कुत्री फार. इथं निवांत होतं. नाकाला रुमाल लावून पहिले आठ दिवस काढले, मग वासाची सवय झाली आणि डोळे उघडले. काठच्या बाभळीवर खंड्या बसलेला असायचा. पाणकणसाच्या बेटातून पाणकोंबडी शेपटी उडवत बाहेर यायची आणि माझी चाहूल लागली की परत आत. ढोकरी तर अशी बसते की मातीचं ढेकूळच वाटावं. उडाली की एकदम पांढरीशुभ्र. दिवाळीच्या आगेमागे धोबी येतो. हिमालयाच्या, त्याच्याही पलीकडच्या मुलखातून हे मूठभर पाखरू जालन्याच्या सांडपाण्यावर चार-पाच महिने काढायला येतं, याचं मला अजून नवल वाटतं.

(पाखरांनाही आपण बलुतेदारी वाटून दिली आहे. धोबी, शिंपी, सुतार, कोतवाल. त्यांना काय त्याचं!)

कचरा उचलायला मी कसा लागलो, ते सांगतो. संक्रांतीनंतरची गोष्ट. एका ढोकरीच्या पायात नायलॉनचा मांजा गुंतलेला दिसला. या मांजावर बंदी आहे. तरी दरवर्षी तो आकाशात असतो आणि संक्रांत सरली की झाडांत. ढोकरी उडायची तेव्हा हात-दोन हात दोरा मागं लोंबायचा. तिला धरायचा मी दोन दिवस खटाटोप केला. ती काय हाती लागणार? तिसऱ्या दिवशी ती बाभळीला उलटी लटकलेली दिसली. चौथ्या दिवशी मी युरियाचं रिकामं पोतं आणि एक आकडी घेऊन ओढ्यावर गेलो. आधी मांजा गोळा केला, मग हाताला लागेल ते.

काय काय निघतं म्हणून सांगू? जवळच एक मंगल कार्यालय आहे. लग्नतिथीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यात थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा थर असतो. पातळ पिशव्या निघतात, त्यांच्यावर २०१८ साली बंदी आली. गुटख्याच्या पुड्या निघतात, त्याच्यावर तर २०१२ सालीच. बंदी घातलेल्या वस्तूंचं प्रदर्शन बघायचं असेल तर आमच्या ओढ्यावर या. लेकरांचे डायपर, औषधांची पाकिटं, फुटके देव, आणि पाण्याच्या बाटल्या. बाटल्या सगळ्यांत जास्त. त्या मी वेगळ्या बांधून घंटागाडीत टाकायचो.

लोक थांबून बघायला लागले. कोणी म्हणालं, “गुरुजी, या वयात कमाल करता.” एकानं फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एका शेजाऱ्यानं मात्र सुनावलं, “तुम्ही उचलता म्हणून लोक टाकतात.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. शिवाय मी भरलेलं पोतं कुठं जातं? गावाबाहेरच्या ढिगावर. तिथून वारा सुटला की अर्धं परत कोणाच्या तरी शिवारात. म्हणजे मी कचरा संपवत नव्हतो, त्याची जागा बदलत होतो. आमच्या लहानपणी बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणायचे, आणि तो दरसाल फिटायचाही. चैत्र-वैशाखात गाड्या भरून खत रानात जायचं आणि उकिरड्याच्या जागी खड्डा उरायचा. या पिशवीचा पांग कोणत्या रानात फिटायचा?

पण हे प्रश्न मला घरी खुर्चीत बसून पडायचे. खरा प्रश्न एका सकाळी ओढ्यातच समोर आला.

झुंजूमुंजू होतं. पलीकडच्या काठानं एक बाई आली. खांद्यावर माझ्यासारखंच पोतं, पण तिचं जुनं, ठिगळ लावलेलं. बरीच वेळ ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

“गुरुजी, एक बोलू का? राग नका धरू.”

“बोला की ताई.”

“तुम्ही ह्या बाटल्या कामून उचलायलेत?”

मी वर्गात बोलायचो त्या सुरात सुरू झालो. ओढा, पाखरं, प्लास्टिक. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“ते समदं बराबर हाय. पण बाटल्या मपल्या हायेत ना. म्हयना झाला, मला इथं काहीच घावंना. म्हनलं दुसरी कोन बाई लागली ह्या नाल्याला? म्हनून आज अंधारातच आले.”

मला काय बोलावं सुचेना. मी सांगितलं की मी विकत नाही, घंटागाडीत टाकतो.

“फेकून देता?” ती म्हणाली. तिला ते विकण्यापेक्षाही वाईट वाटलेलं दिसलं. मग विचारलं, “तुम्हाला पगार हाय ना?”

“पेन्शन आहे.”

“मंग?”

एवढंच बोलून ती पुढं गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. महिनाभर ज्याला मी सत्कर्म समजत होतो, त्यानं एका घरातलं तेल-मीठ तुटलं होतं. आणि दुसरी एक गोष्ट मला त्या दिवशी घरी येताना टोचत राहिली. ती बाई किती वर्षं हा ओढा वेचत असेल? तिचा फोटो कोणी काढला नव्हता. मीही महिनाभर पाखरांचे रंग, पाय, चोची वहीत लिहित होतो. ही बाई माझ्या वहीत कुठंच नव्हती.

आमचं गाव दुधनेच्या काठी, बदनापूरच्या बाजूला. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती. बैल मेला की घटकाभरात आकाशात ठिपके दिसायचे, ते खाली यायचे, आणि दिवस मावळायच्या आत नुसता सांगाडा उरायचा. गिधाडं. त्यांना आम्ही दगड मारायचो. घरावर गिधाड बसलं तर घर सोडावं लागतं म्हणायचे. रामायणात जटायूला हात जोडायचे आणि भांडणात “गिधाडा” म्हणून शिवी द्यायची, यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. पुढं ती दिसेनाशी झाली. ढोरांना अंगदुखीवर देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं औषध त्याला कारण. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक इतकीच उरली. २००६ साली हे औषध ढोरांसाठी बंद केलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. आता गावाबाहेर ढोर पडलं की आठ-आठ दिवस वास येतो, आणि कुत्र्यांच्या झुंडी. गिधाडं काय करत होती, ते अशी ती गेल्यावर गावाला कळलं.

पण ढोर त्या जागेपर्यंत चालत जात नव्हतं. ते ओढत न्यायला माणसं होती, आणि ती कोणत्या वस्तीतली, हे सांगायला नको. ते काम सोडा, असं बाबासाहेबांनी आमच्या जन्माच्या आधीच सांगितलं होतं. आमच्या गावात ते सुटलं तेव्हा गावाला राग आला होता. लाज नाही, राग. मी लहान होतो, पण ओट्यावरची बोलणी आठवतात. “आता आपण ओढायचं का?” असं जो तो विचारत होता, आणि त्याचं उत्तर “हो” असू शकतं, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मला वाटायचं, मी त्या ओट्यावरून उठून फार लांब आलो. डी.एड. झालो, मास्तर झालो, बाबासाहेबांची जयंती शाळेत मनापासून केली, भाषणं केली. तर एका पावसाळ्यात शाळेच्या मागं कुत्रं मरून पडलं. शाळा कोणती ते राहू द्या. वास वर्गापर्यंत यायला लागला. मी सातवीच्या वर्गात गेलो. पस्तीस-चाळीस पोरं होती. मी दोन नावं घेतली, “जा रे, तेवढं लांब नेऊन टाका” म्हणालो आणि फळ्याकडं वळलो. कोणाची नावं घ्यायची, हे मी विचार करून ठरवलं नव्हतं. विचार केला असता तर कदाचित घेतली नसती. पोरं मुकाट्यानं गेली. परत आल्यावर हात धुतले. त्यातला एक रोज तिसऱ्या रांगेत बसायचा. त्या दिवशी तो दाराजवळच बसला. मी ते पाहिलं. “जाग्यावर बस” असं मी म्हणालो नाही.

पुढं २०००-०१ साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा प्रभातफेरीत मीच सगळ्यांत पुढं होतो. गाडगेबाबांवर मी पोरांना किती तरी बोललो असेन. गावात शिरल्याबरोबर ते खराटा हातात घ्यायचे, गाव झाडून काढायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं. एवढं सगळं सांगितलं. पण ते परीट घरात जन्मले आणि खराटा धरण्यात त्यांना कुठलंही नवल मिरवायचं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्याच्या हातात जन्मानं खराटा दिलेला नाही, त्यानं तो धरला की फोटो निघतो. माझा निघाला तसा.

मग मी पोतं टाकून द्यावं का? तसंही वाटून गेलं. नुसती पाखरं बघावी आणि घरी यावं. पण तेही जमेना. एकदा दिसायला लागलेली पुडी परत न दिसल्यासारखी कशी करणार? पाखरांच्या कल्याणासाठी करतो असं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. लांब तांबड्या पायांचे शेकाटे जिथं पाणी सगळ्यांत काळं तिथंच चरतात. त्या चिखलातल्या अळ्यांवर त्यांचं भागतं. उद्या ओढा काचेसारखा झाला तर ते बहुधा दुसरं गटार शोधतील. माझी स्वच्छता ही माझी आहे, शेकाट्यांनी मला अर्ज दिलेला नाही.

आठवडाभरानं ती बाई परत दिसली. मी म्हणालो, “ताई, आपण वाटणी करू. बाटल्या, डबे, पत्रा, तार, जे विकतं ते तुमचं. ज्याला भाव नाही ते माझं.”

तिला हसू आलं. “ज्याला भाव न्हाई तेच जास्त हाय, गुरुजी. वाटनीत बुडालात तुम्ही.”

तेव्हापासून तसं चाललं आहे. पुड्या, पिशव्या, पत्रावळ्या मी उचलतो. बाटली दिसली की काठावर उभी करून ठेवतो. कॉलनीतल्या कोणाला ते कळत नाही. “गुरुजी, बाटल्या तशाच राहिल्या की,” म्हणून वरून सांगतात. मी सांगतो, त्या मालकाच्या आहेत. काहींना ते विनोदानं बोलल्यासारखं वाटतं. ग्रुपवर मी एकदा तिच्याविषयी लिहिलं. चार घरांनी आता बाटल्या वेगळ्या ठेवायला सुरुवात केली आहे. हात जोडलेली चित्रं मात्र या वेळी फार आली नाहीत. त्या दोन पोरांपैकी एकाचा पत्ता मला ठाऊक आहे. अजून गेलो नाही. जाऊन काय म्हणायचं, तेच उमगत नाही. त्याला आठवत नसेल तर मी उगाच आठवण करून देणार, आणि आठवत असेल तर माझं ओझं त्याच्या दारात नेऊन टाकल्यासारखं होणार. कचऱ्याची जागा बदलायचीच सवय लागली आहे म्हणा.

यंदा श्रावणात पाणकणीस डोक्याएवढं वाढलं होतं. मी काठावरून आकडीनं एक गुटख्याची लांब माळ ओढायला गेलो, दुकानात टांगतात तशी, अर्धी सुटलेली. ती कशात तरी अडकली होती. मी जोर लावणार तेवढ्यात पलीकडून हाक आली.

“ओढू नका गुरुजी! अंडी हायेत.”

पाणकणसाची पात वाकवून पाणकोंबडीनं घरटं केलं होतं आणि ती माळ त्यातून आत-बाहेर विणून घेतली होती. आत फिक्कट, तांबूस ठिपक्यांची पाच अंडी. ताई कमरेएवढ्या गवतात उभी होती. तिला ते घरटं चार दिवसांपासून ठाऊक होतं.

“ती माळ कोनाची म्हनायची आता?” तिनं विचारलं. “भाव तर न्हाई तिला.”

मी आकडी हळूच सोडवून घेतली.