गडावरचा केर

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीच्या प्रकरणात केराबद्दल स्पष्ट ताकीद आहे. गडावरचा केर झाडून खाली टाकू नये; जागच्या जागी जाळावा, राख परसात घालावी आणि तिच्यावर घरोघरी भाजीपाला करावा. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या सूचनेत स्वच्छतेइतकीच जबाबदारीचीही जाण आहे. ज्याने केर केला त्यानेच तो निस्तरायचा, पायथ्याच्या गावाच्या माथी मारायचा नाही.

भोर-वेल्ह्याच्या मावळात ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नसे. घरामागे उकिरडा असायचा. शेण, गोठ्यातला गदाळा, चुलीतली राख, जेवणावळीतल्या पळसाच्या पत्रावळी, सगळे त्यात जाई आणि पावसाळ्याआधी खत होऊन भातखाचरात पडे. इरले कामट्यांचे आणि पानांचे, मोडले की चुलीत. फाटक्या लुगड्यांची वाकळ होई आणि वाकळ विटली की तिचे पोतेरे. यात पूर्वजांची थोरवी शोधायला मी तयार नाही. गरिबी होती, वस्तू मोजक्या होत्या. मात्र जवळपास प्रत्येक वस्तू कुजणारी होती, त्यामुळे टाकलेले शेताच्याच कामी येई.

याउलट विचार दूर कुठेतरी घडत होता. १९२४ साली मोठ्या दिवे-उत्पादकांनी संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणायचे ठरवले. १९३२ मध्ये, मंदीच्या काळात, बर्नार्ड लंडन या अमेरिकनाने वस्तूंना सरकारनेच मुदत ठरवून द्यावी, म्हणजे कारखाने चालू राहतील, असे सुचवले. १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने वापरून फेकायच्या ताटवाट्यांचे कौतुक छापले: गृहिणीचे भांडी घासण्याचे कष्ट वाचले! पाचच वर्षांनी व्हान्स पॅकार्डने या उधळपट्टीवर अख्खे पुस्तक लिहिले. तोवर तिची सवय जडली होती.

आपल्या खेड्यांत ती चैन म्हणून आलीच नाही. गरिबाची सोय म्हणून आली. १९८३ साली तामिळनाडूत ‘चिक’ शाम्पूची छोटी पुडी निघाली, आणि पुढे तेल, चहा, साबणाची पावडर, सगळेच पुडीत आले. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला अख्खी बाटली परवडत नाही, एक पुडी परवडते. तिला दोष देणारे भाषण मला सहन होत नाही.

पण ती पुडी कुजत नाही. ती उकिरड्यात जाते, शेणखताबरोबर खाचरात उतरते आणि भातलावणीच्या चिखलात रोप खोचणाऱ्या बाईच्या बोटांना लागते. ती उचलून बांधावर ठेवते. बांधावरून पाऊस ती ओढ्याला नेतो. वेळवंडी नदीचे पाणी भाटघर धरणाला जाते, आंबीचे पानशेतला, आणि पानशेतचे पाणी पुण्याच्या नळाला. वेफर्सचे चकचकीत पाकीट तर भंगारवालाही घेत नाही, कारण त्यातले प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर वेगळे करणे परवडत नाही. मग संध्याकाळी घरामागे ते जाळतात. अमात्यांनीही जाळायलाच सांगितले होते, पण त्या राखेत भाजी लावता येत होती. या राखेत लावू नये.

कायद्याचा विचारही हळूहळू बदलत गेला. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर निर्बंध आले, २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तू बंद झाल्या. दंडाची पावती मात्र बहुधा हातात पिशवी असलेल्याच्या नावे फाटते. २०१६ च्या नियमांनी वेष्टण बनवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्या कंपनीवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. मला हीच खरी दिशा वाटते, कारण ती अमात्यांच्या सूचनेच्या सर्वांत जवळची आहे. कागदावरचा हा नियम राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे किंवा पाली गावात अजून दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईची माणसे राजगडावर जातात, रिकाम्या बाटल्या उरतात आणि त्या गोळा करायला गावातली पोरे किंवा एखादी दुर्गप्रेमी मंडळी पोती घेऊन चढतात.

आरे दुधाची काचेची बाटली मुंबईकर कित्येक वर्षे धुऊन परत देत होते. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. उद्योगाला परतीची वाट ठेवता येते, हे आपण पाहिलेले आहे. तसेच गडाच्या पायथ्याशी प्रत्येक बाटलीमागे अनामत घ्यावी, ती रिकामी बाटली खाली आणल्यावरच परत मिळावी, आणि पुड्या-पाकिटे गोळा करण्याचा खर्च कंपन्यांनी थेट ग्रामपंचायतीला द्यावा.