दांडीची लांबी

मोहाडीकडे धानाच्या रोवणीआधी चिखलणी सुरू झाली, की जुन्या ट्रॅक्टरची खरी परीक्षा असते. अशा वेळीही थ्रॉटलच्या दांड्या पुन्हा जोडताना जो मिस्त्री घाई करत नाही, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जुन्या डिझेल इंजिनात हातातला थ्रॉटल थेट डिझेल सोडत नाही. तो गव्हर्नरच्या स्प्रिंगचा ताण ठरवतो. बांधीत चाक रुतलं, इंजिनवर भार आला, की गव्हर्नरच डिझेल वाढवतो. म्हणून दांडीची लांबी दोन्ही टोकांना तपासायची: थ्रॉटल कमी केल्यावर इंजिन मंद चालावं, पूर्ण ओढल्यावर पंपाचा लिव्हर थांब्याला टेकावा. झिजलेला सांधा बदलावा, आणि स्प्लिट पिन तर दर वेळी नवीच घालावी. किंमत किरकोळ, पण ती निसटली तर ऐन चिखलात इंजिनाचा वेग चालकाच्या हाती राहत नाही.