हप्त्याने घेतलेल्या वस्तूची खरी किंमत

लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील खेड्यांत आठवड्याचा मुख्य दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. त्या दिवशी मजुराच्या हाती केलेल्या कामाचे पैसे पडतात, त्याच दिवशी तेलमीठ घरात येते, आणि अलीकडे त्याच दिवशी अथवा त्याच्या आगेमागे हप्त्याचा मनुष्य दारात उभा राहतो. पूर्वी तो भांडी, चादरी व लुगडी यांचे पैसे मागत असे. आता लोखंडी कपाट, पंखा, मिक्सर, फ्रीज आणि मोबाइल यांचे मागतो. कधी तो दुकानदाराचा मनुष्य असतो, कधी कर्ज देणाऱ्या एखाद्या कंपनीचा. मनुष्य कोणीही असो, त्याचा प्रश्न एकच असतो, आणि त्याचे पाऊल वाजताच घरातील बाईस तो कळतो.

या लेखात गरिबास दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. एकाने वैशाखातील रात्री उकाड्यात तळमळत काढाव्या आणि दुसऱ्याने पंख्याखाली बसून त्यास काटकसरीचा उपदेश करावा, हे न्यायाचे नव्हे. घर नीटनेटके असावे, मुलीच्या सासरी चार भांडी जावी, ही इच्छा वाईट नाही. परंतु ज्या वस्तूची किंमत आपणांस ठाऊक नाही ती विकत घेणे शहाणपणाचे नव्हे. आणि आमची अशी समजूत झाली आहे की, हप्त्याने घेतलेल्या वस्तूची खरी किंमत घेणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. ती केवळ रुपयांत मोजता येत नाही. तरी प्रथम रुपयांचाच हिशेब पाहू.

समजा, एका कपाटाची रोखीची किंमत 10,000 रुपये आहे. हप्त्याने घेतल्यास दर आठवड्यास 250 रुपयेप्रमाणे 52 आठवडे द्यावयाचे; म्हणजे एकंदर 13,000 रुपये झाले. विकणारा सांगतो की, वर्षाला शेकडा तीसच पडले. हे ऐकावयास बरे वाटते, पण खरे नाही. दहा हजारांचे ऋण वर्षभर आपणांकडे तसेच राहिले असते, तर व्याज शेकडा 30 झाले असते. आपण तर पहिल्याच आठवड्यापासून ते फेडू लागतो. सहा महिन्यांत निम्म्याच्या जवळपास फिटते, आणि शेवटच्या आठवड्यात एकच हप्ता उरतो. वर्षाची सरासरी काढली, तर आपण साडेपाच हजार रुपयेच वापरले, आणि त्यांवर तीन हजार व्याज दिले. म्हणजे व्याज शेकडा 30 नव्हे, तर शेकडा 54 च्या घरात गेले.

शहरातील दुकानांवर ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी दिसते. तेथेही सावध असावे. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, शेकडा शून्य व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कोठे ना कोठे दडलेले असते. एक तर वस्तूच्या किंमतीत, नाही तर कागदपत्रांच्या खर्चात.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पाहा. तेच 250 रुपये दर आठवड्यास बाजूला टाकले असते, तर चाळीस आठवड्यांत दहा हजार जमले असते आणि कपाट रोखीने आले असते. म्हणजे वस्तू चाळीस आठवडे आधी घरात यावी म्हणून आपण बारा आठवड्यांचे हप्ते अधिक भरले. त्या बारा हप्त्यांसाठी केलेली निंदणी-खुरपणी कपाटासाठी नव्हती. ती केवळ न थांबण्यासाठी होती.

यावर एखादी समंजस बाई म्हणेल, “आपण सांगता ते खरे, पण आमच्या घरात पैसा राहतो कोठे? मुलास ताप येतो, बहिणीच्या घरी लग्न निघते, शेजारीण पदर पसरते. डब्यातल्या पैशाला नाही म्हणता येत नाही. हप्त्याचे पैसे आहेत असे सांगितले म्हणजे मात्र कोणी मागत नाही.” या बोलण्यात मोठे तथ्य आहे, आणि काटकसरीवर बोलणारे बहुतेक लोक ते विसरतात. हप्ता ही एक प्रकारची सक्तीची बचत होय. जे आपल्या मनास आणि आपल्या गोतावळ्यास आपण सांगू शकत नाही, ते सांगण्यासाठी आपण दारात एक परका मनुष्य उभा करतो. त्या तीन हजारांतील काही भाग हे त्या सक्तीचेच मोल आहे.

परंतु या सक्तीस डोळे नाहीत. जी मेजवानीस नाही म्हणते तीच औषधासही नाही म्हणते. डब्यातील पैसे मोडून मुलास दवाखान्यात नेता येते. भरलेला हप्ता मोडता येत नाही. शिवाय हप्ता आठवड्यास येतो, पण आपल्या भूमीची मिळकत तशी येत नाही. मराठवाड्यातील बहुतेक शेती पावसावर. सोयाबीन येते दसरा-दिवाळीच्या सुमारास, तूर त्यानंतर हिवाळ्यात. चैत्र-वैशाखात मजुराच्या हातास काम नसते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांस आठवत असेल. अशा वर्षी शेतात काय काम असणार? तरी वर्षाचे आठवडे बावन्नच राहतात. मग एक हप्ता भागविण्यासाठी दुसरे ऋण काढावे लागते, आणि दुसऱ्यासाठी तिसरे. कपाट एकच असते, हप्त्याची माणसे तीन होतात.

येथे आपण खऱ्या किंमतीच्या जवळ आलो. हप्ता घेणारा मनुष्य पैसे देत नाही. त्याजवळ पैसे असते तर त्याने रोखीनेच घेतले असते. तो आपले पुढील आठवडे देतो. आपल्याकडे सालगडी पाडव्यास आपले वर्ष बांधून देतो. ऊसतोड मजूर उचल घेऊन आपला हंगाम बांधून देतो. त्यांची बांधणी सर्वांस दिसते. मनुष्यास ऋणापायी वेठीस धरू नये म्हणून 1976 साली देशात कायदाही झाला. हप्तेवाल्या घरावर असा कोणी धनी नाही, हे खरे. तेथील बाई स्वतंत्र आहे. परंतु बुधवारी हप्ता द्यावयाचा असल्यास मंगळवारी कोणी कमी मजुरीवर बोलाविले, तर तिला नाही म्हणता येते काय? दुकानात माप कमी पडले, तर त्याच दुकानाचे देणे असता ती तोंड उघडते काय? अंगात कसकस असता एक दिवस निजून राहण्याची मुभा तिला आहे काय? नाही म्हणण्याची मुभा ही गरिबाची शेवटची मालमत्ता होय. आमच्या मते हप्त्याने घेतलेल्या वस्तूची खरी किंमत ती आहे.

याहून एक किंमत शेजाऱ्यास द्यावी लागते. कित्येक कर्जे बायकांच्या गटास देतात, आणि एकीचा हप्ता चुकल्यास बाकीच्यांनी भरावा असे ठरविलेले असते. हेतू असा की, तारणावाचून गरिबास ऋण मिळावे. तो हेतू चांगला आहे. परंतु परिणाम पुष्कळदा असा होतो की, जी शेजारीण आजारात पेज घेऊन येत असे, तीच आता दारात बसून पैसे मागते. दोघीही वाईट नसतात. वसुलीचे काम त्यांच्यावर लादलेले असते, आणि त्यात एक जुना स्नेह आटतो. देगलूर, बिलोली व धर्माबाद यांच्या पलीकडील मुलूख तेव्हा आंध्र प्रदेशात होता. तेथे 2010 साली अशा कर्जांच्या वसुलीचा जाच इतका वाढला, ऋणकऱ्यांच्या आत्महत्यांच्या इतक्या वार्ता आल्या, की ऑक्टोबरमध्ये सरकारास वटहुकूम काढून त्या धंद्यास आवर घालावा लागला.

ऋण देणाऱ्याचेही कर्तव्य आहे, आणि ते आता बरेचसे लिहिलेले आहे. तारणावाचून लहान कर्जे देणाऱ्या बँका व कंपन्या यांना रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम घालून दिले. घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये. व्याज व सर्व खर्च ऋणकऱ्यास समजेल अशा भाषेत लिहून द्यावा. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड घेऊ नये. सकाळी नवाच्या आधी किंवा सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावू नये. हे नियम प्रत्येक घरी ठाऊक असावेत. मात्र दुकानदाराच्या स्वतःच्या वहीस ते लागू नाहीत. तेथे आपलाच हिशेब आणि आपलीच पावती कामास येते.

न समजलेला कागद किती जड होतो, हे महाराष्ट्रास पूर्वीच कळलेले आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. ते मुख्यतः सावकारांच्या जिवावर उठले नव्हते. त्यांना खते हवी होती, आणि ती त्यांनी जाळली. पुढे 1879 साली जो कायदा झाला, त्यात न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार पाहावा असे ठरले. हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेही नाही. इंग्लंडात फ्रीज व कपडे धुण्याचे यंत्र आठवड्याच्या हप्त्याने देणारी दुकाने होती. गिऱ्हाईक वस्तूच्या किंमतीच्या दुपटीहूनही अधिक भरीत असे. म्हणून एप्रिल 2019 पासून व्याज व खर्च मिळून वस्तूच्या किंमतीहून अधिक घेऊ नये असा निर्बंध तेथे घातला गेला. श्रीमंत देशातही गरिबास महाग विकले जाते.

आणखी एक गोष्ट लातूरच्या लोकांस सांगावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला आणि पिढ्यांनी जमविलेले संसार दगडमातीखाली गेले. वस्तू क्षणात जाऊ शकते. हप्त्याची वस्तू गेली, मोडली, चोरीस गेली, तरी हप्ता मागे राहतो. वस्तूपेक्षा शब्द अधिक टिकतो. म्हणून तो देण्यापूर्वी अधिक विचार करावा.

तर मग हप्त्याने काहीच घेऊ नये काय? आम्ही असे म्हणत नाही. शिवणयंत्र घरात आले आणि त्याच आठवड्यापासून चार पैसे मिळू लागले, तर ते आपला हप्ता आपणच भरते. तेथे चाळीस आठवडे थांबणे हीच हानी. पण कपाट कमावीत नाही. म्हणून घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्न विचारावे. रोखीची किंमत किती आणि हप्त्याची एकंदर किती? ही वस्तू मिळवून देणारी आहे की केवळ वापरण्याची? काम नसलेल्या महिन्यांत हप्ता कोठून येईल? आणि ही वस्तू शेजारणीने पाहिली नसती, तर ती आपणांस हवी असती काय? शेवटचा प्रश्न कठीण आहे, आणि बहुधा तोच विचारला जात नाही.

ज्यांना घरात पैसा राहत नाही, त्यांनी सक्ती विकत घेण्याऐवजी ती आपसांत उभी करावी. बचत गटात हेच होते. बाई दर आठवड्यास ठरलेली रक्कम टाकते, चार जणींच्या देखत टाकते, म्हणून घरी सांगता येते की, हे गटाचे पैसे आहेत. हा हप्ताच होय. परंतु तो वस्तूच्या आधी भरलेला. मुलास ताप आला, तर त्याच गटाकडे हात पसरता येतो, आणि व्याज जे होते ते आपल्याच गावात राहते. 1992 पासून असे गट बँकांशी जोडण्याची व्यवस्था देशात आहे, आणि आपल्या जिल्ह्यांत त्यांची माहिती नाही असे गाव विरळा.

पुढल्या बाजाराच्या दिवशी एखादी वस्तू मनात भरली, तर वाचकांनी एवढेच करावे. दुकानदारास लगेच होय म्हणू नये. घरी यावे, डब्यात पहिला हप्ता टाकावा, आणि पुढील बाजारापर्यंत थांबावे. आठ दिवसांनीही ती वस्तू हवी असेल, तर दुसरा टाकावा. ज्या घरात असे चाळीस हप्ते जमतील, त्या घरात कपाट तर येईलच. शिवाय बाजाराच्या दिवशी दारात पाऊल वाजले, तर त्या घरातील बाई दचकणार नाही.