देहाची विद्या
हॅल नीडहॅम या अमेरिकन गृहस्थानें वर्षानुवर्षें बर्ट रेनॉल्ड्स या नटाच्या ऐवजीं उड्या घेतल्या. कीर्ति नटाची, मोडलेलीं हाडें नीडहॅमचीं. पुढें त्यानें एक कथा रचिली आणि तिच्यावरील ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट १९७७ सालीं स्वतःच दिग्दर्शित केला. तेव्हां कोठें त्याचें नांव ठळक झालें. लेखणी हातीं येईपर्यंत तो कोणीच नव्हता काय? चुकलेली ओळ खोडतां येते. चुकलेली उडी खोडतां येत नाहीं. ऑस्कर देणाऱ्या संस्थेनें २०१२ सालीं त्याचा गौरव केला. पण साहसकर्मासाठीं स्वतंत्र पारितोषिक ठेवण्याचें ठरविण्यास २०२५ साल उजाडलें. तिला दोष काय द्यावा? आम्ही शिक्षकही जन्मभर शब्दांनाच गुण देत आलों. देहाच्या विद्येनें आधीं कागदावर उतरावें, मगच तिला विद्या म्हणावें, ही अट आमचीच. ती आम्हींच मागें घेतली पाहिजे.